पन्नास ग्रॅमच्या खाली

तासगावच्या बाहेर, कवठे महांकाळच्या रस्त्याला
आमचं कोल्ड स्टोअरेज.
आत चार अंश, बाहेर एप्रिल.
मधल्या जाड दारापाशी माझं टेबल,
आवक-जावकीचं रजिस्टर आणि त्याच्या खाली
कृषी विपणन, सत्र दुसरे.

मालक चांगले आहेत. म्हणाले, शिका की,
फक्त गाडी आली की उठायचं.
गाडी नेमकी नऊ वाजून पाच मिनिटांनी येते,
हजेरी चालू असताना.
"सन्मती मगदूम?"
मी येस सर म्हणते आणि त्याच दमात
"इलाही, तिनात लावू नको, तिथं हळद हाय!"
पुण्यातले सर थांबतात.
पस्तीस चौकोनांत पस्तीस चेहरे हसतात.
तेव्हापासून वर्गात माझं नाव
तिनात लावू नको.

जेवण माझं साडेपाचलाच उरकतं.
दिवस मावळल्यावर आमच्यात कुणी खात नाही.
सासूबाईंनी बांधून दिलेली भाकरी, शेंगांची चटणी
आधी काट्यावर ठेवते, सवयच तशी.
चारशे वीस ग्रॅम.
एवढ्यावर रात्रभराची गुणोत्तरं सोडवायची.

सर आकृती काढतात:
शेतकरी, बाण, साठवणूक, बाण, व्यापारी, बाण, ग्राहक.
साठवणुकीचा चौकोन बोटाच्या पेराएवढा.
त्यात मी आठ वर्षं बसलेय.
त्यात कॉम्प्रेसरची घरघर, अमोनियाचा उग्र वास,
इलाहीचा कमरेचा पट्टा,
आणि मणेराजुरीच्या बाईंचे एकशे बारा बॉक्स.
दर बुधवारी त्यांचा फोन, भाव काय म्हणतोय,
जसा काही भाव माझ्याकडे पाहुणा आलाय
आणि आत चहा पितोय.
बाण मात्र सरळ जातो.
बाणाला हमाली लागत नाही.

किंमत कशी ठरते? सोळा गुण.
मागणी लिहिली, पुरवठा लिहिला, वक्ररेषा काढली,
दोन्ही जिथं भेटतात तिथं ठिपका दिला.
लिहायचं राहिलं ते नेमगोंडा अण्णांचं.
सौद्यात मूठभर बेदाणा घेऊन ते
आधी कानाशी न्यायचे.
खुळखुळला तर जास्त वाळलाय,
गप्प बसला तर ओल लपवतोय.
मग डोळे मिटून एकच दाणा दाढेखाली,
आणि भोवतालचे सगळे व्यापारी
त्यांच्या जबड्याकडे बघत उभे.
याला किती गुण, सर, असं विचारायचं होतं.
वेळ संपली.

त्याच परीक्षेत कॅमेऱ्यानं दोनदा ताकीद दिली:
आपण पडद्याबाहेर बघत आहात.
बघत होते. तापमापी सहावर गेली होती.
पेपर वाचवू की माल?
उठले. फ्यूज बदलला. बाबू वॉचमनला शिव्या दिल्या,
बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.
परत आले तर पडद्यावर पुढचा प्रश्न:
जोखीम व्यवस्थापन म्हणजे काय ते
उदाहरणासह स्पष्ट करा.
बोटं गारठली होती, टाइप होईना.

काल कुरिअर आलं.
पत्त्यात घर नंबर नाही, गल्ली नाही,
फक्त कोल्ड स्टोअरेज, फाट्याजवळ.
पाकीट रात्रीपर्यंत फोडलं नाही,
रजिस्टरखाली सरकवून ठेवलं, जुन्या जागी.
इलाहीला दिसलंच.
"बघू तरी किती भरतंय,"
म्हणत त्यानं ते काट्यावर ठेवलं.
शून्य.
आमचा काटा पन्नास ग्रॅमच्या खालचं वाचत नाही.
"दोन वर्षं व्हय ताई!" तो म्हणाला,
आणि काट्याला एक हलकी चापट मारली,
जशी अडलेल्या बैलाला मारतात.
तरी शून्यच.
हसू आवरेना दोघांना.

मग गाडी आली.
घड्याळात नऊ पाच.
उठता उठता तोंडातून गेलं, येस सर.
"कुणाला वो?" इलाहीनं विचारलं.
मी रजिस्टर उघडलं.
आवक: दोनशे चाळीस बॉक्स, पिवळा, मध्यम.
गाडीवाल्याची सही राहिली होती.